पहिले माहं नाव लिहा

काका दर दिवाळीच्या आधी स्वतःच्या घराचं अंगण मोजायचे. टेपचं एक टोक काकूंच्या हातात, दुसरं त्यांच्या. मग टोकं बदलून पुन्हा. माप कमी आलं की लोक शेजाऱ्याकडे पाहतात. काका स्वतःकडे पाहायचे. "कावून कमी भरलं? मीच वाकडा धरला असन." एका वर्षी चार बोटं जास्त आलं, तर तडक शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे. "तुमची जमीन माह्याकडे आली हाय. मोजून घ्या." शेजारी बिचारा आंघोळीला निघाला होता. टॉवेल गुंडाळून त्याने टेप धरला, कारण धरल्याशिवाय सुटका नव्हती.

त्या घराच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. मी अकोल्याकडच्या हिवरखेडची. अमरावतीला शिकायला आले आणि शिकण्यापेक्षा मोर्चेच जास्त केले. आमची एक छोटी संघटना होती, तिची पत्रकं मी लिहायचे. बसभाडं वाढलं, पत्रक. मुलींच्या होस्टेलला पाणी नाही, पत्रक. छापखानेवाला म्हणायचा, "ताई, उद्गारचिन्हं संपली, आता टिंब वापरू का?" सरळ सांगते, तो राग माझा आजही उतरलेला नाही आणि उतरावा असं काही घडलेलंही नाही.

भाड्याचा करार काकांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्यात माझ्यासाठी पाच कलमं आणि त्यांच्या स्वतःसाठी सात. 'घरमालकाने न विचारता खोलीत पाय ठेवल्यास भाडेकरूने काकूंकडे तक्रार करावी. काकूंचा निर्णय अंतिम राहील.' मी हसले तर गंभीरपणे म्हणाले, "हस नको, पोरी. एकाच बाजूनं लिहिलेला कागद म्हणजे धमकी असते."

जन्मभर त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून शेतं मोजली होती. निम्मी नोकरी अकोल्याकडे, निम्मी अमरावतीकडे. दोन भावांची वाटणी असो की दोन शेजाऱ्यांचं भांडण, त्यांची पद्धत एकच. मोजणीच्या साखळीचं एक टोक एका भांडखोराच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं साखळी ताणून समोरासमोर उभी राहायची आणि माप झाल्यावर कुणाला बोलायला जागा उरायची नाही.

आणि दुपारी मोजणी बंद. वरिष्ठ ओरडले, नोटिसा आल्या, तरी बंद. "अकोल्याचं ऊन म्हणजे काय असते तुले मालूम हाय," ते सांगायचे. "लोखंडी साखळी तापली का वाढते. वाढल्या साखळीनं मोजलं का कोणाची तरी जमीन कमी भरते. अन् ज्याची कमी भरली, त्याच्या पोराले नातवाले कमीच राहते." ही गोष्ट मी निदान तीसदा ऐकली असेल. कुणी तावातावाने बोलायला लागलं की काका एवढंच म्हणायचे, "साखळी तापली." भाजीवाली तापो, जावई तापो, टीव्हीवरचा पुढारी तापो. मी तर बहुतेक रोजच तापायचे.

एकदा राजकमल चौकात त्यांच्या जुन्या स्कूटरचं पुढचं चाक सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं. पूर्ण गाडी नाही, चाक. काका स्कूटर बाजूला लावून वाहतूक पोलिसाकडे गेले, चलान फाडा म्हणाले. समोरून तिघं-तिघं बसलेल्या मोटरसायकली लाल सिग्नल तोडून सुसाट चाललेल्या. पोलीस हात जोडून म्हणाला, "काकाजी, जा ना बापा घरी." काका हटेनात. शेवटी पोलिसाने शिट्टी वाजवून दोन मोटरसायकली अडवल्या, तेव्हा कुठे हे समाधानाने परतले. मला विचाराल तर हा माणूस वेडा होता. त्या वयात मी त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. ते म्हणाले, "असन. पण माहं वेड दोन्हीकून सारखं भरते."

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. काकांनी ड्रोन घेतला. लहानसा, तळहातावर मावेल इतका, चार पंख्यांचा. त्याला ते कधी ड्रोन म्हणाले नाहीत. म्हणायचे विमान. "कायद्याच्या लेखी हे विमानच हाय. याले नंबर हाय, याले नियम हाय." नंबर त्यांनी बारीक ब्रशने पोटाखाली स्वतः रंगवला होता. उडवायच्या आधी मोबाईलवर नकाशा उघडून पाहायचे, भाग हिरवा आहे की पिवळा की लाल. मग पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि नियम मोठ्याने वाचायचे. इतक्याच उंचीवर. नजरेच्या टप्प्यातच. माणसांच्या डोक्यावरून नाही. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आपल्या लग्नात भटजीनं एवढं वाचलं नव्हतं."

आणि या विमानातून ते पाहायचे काय? धुरे. दोन शेतांमधला बांध, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. जन्मभर ज्या जमिनी मोजल्या त्यांचे धुरे जागच्या जागी आहेत की कुणी नांगर घालून सरकवले, हे ते वरून पाहायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला अहवाल द्यायचा नव्हता. "दहा वर्षाआंधीचं पोरगं कसं हाय हे पाहाले जातो ना आपण, तसंच," म्हणायचे.

आता माझ्याकडे येते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर खेड्यांमध्ये हवा उठली की ड्रोन येतात, घरं पाहून जातात आणि मागून चोर येतात. चोरी कुठे झाली, विचारलं तर प्रत्येक गाव पुढच्या गावाकडे बोट दाखवायचं. मी अफवांवर पत्रक काढणारी नाही. पण आमच्या संघटनेतली एक मुलगी रडत आली. तिच्या गावी न्हाणीला छप्पर नाही, तट्ट्याचा आडोसा आहे, आणि ती आंघोळ करत असताना वर एक ड्रोन घिरट्या घालत थांबला होता. ती ठाण्यात गेली तर तिथे विचारलं, "ड्रोनचा नंबर घेतला का?" आंघोळ करताना नंबर! माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता: 'आकाशातले डोळे फोडा!' शेवटची ओळ होती: 'ड्रोन दिसला की जनतेनेच तो खाली पाडावा!'

काकांनी ते वाचलं आणि लाल पेनने एकाच शब्दाभोवती गोल काढला. 'फोडा.'

"पोरीचं खरं हाय," ते म्हणाले. "त्या उडवणाऱ्याले धरलाच पाहिजे. पण हे काय लिहिलं? गोटा मारणाऱ्याले कसं समजन, वरचं कोणाचं हाय?"

"मग बायकांनी आधी चौकशी अर्ज द्यायचा का?" मी म्हटलं. "तुम्हाला न्हाणीत बसून पाहायला हवं होतं."

"साखळी तापली तुही."

"तापलीच पाहिजे! थंड साखळ्या ठाण्यात भरपूर आहेत."

काकांनी कागद परत दिला. मी गोल न जुमानता छापायला टाकलं आणि वलगावच्या बाजाराच्या दिवशी गठ्ठाभर वाटून आले. लोकांनी पहिल्यांदाच माझं पत्रक शेंगदाण्याच्या पुडीसाठी न वापरता घडी करून खिशात ठेवलं. मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दसरा चार दिवसांवर होता. वलगावच्या पुढे एका फाट्याने आत गेलं की एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावाचा एकट्याचा दोष नाही. तिथे इमलाबाई नावाच्या बाईचं झेंडूचं शेत. नवरा गेल्यापासून एकटी करते. काकांनी ते शेत फार वर्षांपूर्वी मोजलं होतं. सकाळी ते स्कूटरवर गेले, सगळे नियम वाचून विमान वर सोडलं, आणि मग त्यांच्या हातून चूक झाली. धुऱ्याच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः रोवलेला हद्दीचा दगड गवतात दिसेना. ते वाकून गवत बाजूला करत बसले. विमान कडुलिंबाच्या झाडाआड गेलं, नजरेआड. तितका वेळ ते आकाशात बेवारस होतं.

इमलाबाई फुलं तोडत होती. तिने वर पाहिलं, कंबरेची गोफण काढली आणि गोटा सोडला. विमान खाली गेलं. आरडाओरड ऐकून आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावली. पुढे गावातला कृषी केंद्रवाला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझं पत्रक. "पाहा, छापून आलं हाय!" त्याने काठीने विमानाचा चुरा केला. काका मध्ये पडले तर त्यांना असं ढकललं की कोपर सोलून निघालं. "चोराचा म्होरक्या सापडला" म्हणत पस्तीस-चाळीस जणांनी त्यांना घेरून ठाण्यात नेलं. सत्तरीला टेकलेल्या माणसाला!

काकूंचा फोन आला तशी मी पोहोचले. काका बाकावर बसलेले, कोपराला काकूंनी दिलेला स्वच्छ रुमाल बांधलेला, मांडीवर झेंडूची टोपली आणि टोपलीत विमानाचे तुकडे. टेबलावर ठाणेदारासमोर माझं पत्रक. खाली संघटनेचं नाव होतं, माझं नव्हतं. पत्रकावर कुणी स्वतःचं नाव घालत नाही. मी मागे भिंतीशी उभी राहिले आणि तोंड मिटून घेतलं.

ठाणेदार वाईट माणूस नव्हता, कामाने पिचलेला होता. काकांचे कागद पाहून त्याचा सूर मऊ झाला. "काका, तुमचे कागद ठीक आहेत. पण चाळीस जणं होते. पब्लिक आहे. पब्लिकवर काय लिहू? सणाचे दिवस आहेत. जाऊ द्या ना."

"पब्लिकले हात किती होते?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काठी एका हातात होती. मले ढकललं ते दोन हात होते. त्या हातावाल्याले नाव असन."

कृषी केंद्रवाला दारातच उभा होता. ठाणेदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्या गावात निम्म्या लोकांची खतं-बियाणी त्याच्याकडून जातात, ठाण्याच्या कार्यक्रमाला मंडपही त्याचाच असतो. मग ठाणेदाराला इमलाबाई दिसली. कोपऱ्यात जमिनीवर बसलेली, गोफण अजून हातात. "बरं, पाडलं तर या बाईनं. ती कबूलही करते. तिच्यावर लिहितो. झालं?"

माझं रक्त उसळलं. एकटी बाई, मागे कुणी नाही, तर कायद्याला तीच सापडली! पण बोलायचं तर पुढे यावं लागणार होतं, आणि पुढे आलं की पत्रक कुणाचं ते निघणार होतं. मी गप्प राहिले. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

काका उठले. "साहेब, लिहाचंच असन त पहिले माहं नाव लिहा. विमान नजरेच्या बाहेर गेलं, तो माहा गुन्हा. गावात सांगून उडवाले पाहिजे होतं, नाही सांगितलं. मंग बाईचं लिहा. मंग काठीवाल्याचं लिहा. एकीकून मोजसान त मी सही करत नाही."

"अहो, स्वतःवर कोण तक्रार करतं?"

"तुमच्या फॉर्मात मनाई हाय काय?"

हवालदार हसला आणि खोकल्याचं निमित्त केलं. मग काकांनी शर्टाच्या खिशातून विमानातल्या कॅमेऱ्याचं नखाएवढं कार्ड काढलं. ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर ते लागलं. आम्ही सगळे मागे गोळा झालो, कृषी केंद्रवालासुद्धा.

आधी नुसता झेंडू. पिवळा आणि केशरी, डोळे दुखतील असा. त्याच्या कडेने एक रेघ, ओळंब्यात धरल्यासारखी. "सरळ हाय," काका पुटपुटले. तक्रार, कोपर, सगळं विसरून. "माय वो, अजून सरळ हाय." मग लिंबाचा शेंडा आडवा आला. मग खाली इमलाबाई, तोंड वर, हात गरगर फिरलेला. गोटा आला आणि बाजूने निघून गेला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरी संपल्याची लाल खूण लागलेली होती. विमान आपोआप हळूहळू खाली उतरून झेंडूत बसलं. त्यानंतर बूट. काठी. आणि अगदी शेवटी, उलटा पण स्पष्ट, कृषी केंद्रवाल्याचा चेहरा.

"बाई, तुमचा गोटा लागलाच नाही," ठाणेदार म्हणाला. त्याचाही जीव हलका झाला असावा. "तुम्ही सुटल्या."

इमलाबाई ताडकन उभी राहिली. "कसा नाई लागला? माहा नेम चुकला म्हणता?"

"पाहा ना, बाजूनं गेला."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. इमलाबाई पडद्याला नाक लावून उभी. "तुमचा टीव्ही खोटा हाय. हातभर पोरगी होतो तवापासून पाखरं हाकलून रायली मी. लागला! लिहा माहं नाव. गावात मले तोंड दाखवाचं हाय."

"बाई, समजून घ्या, तुम्ही यातून वाचून राहिल्या..."

"मले नाई वाचाचं. हे काकाजी लिहून रायले ना सोताचं? मंग माहंई लिहा."

ठाण्यात हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. ते वळले, आणि भिंतीशी मी आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं हे मला तेव्हा कळलं. ढकलणाऱ्या हाताचं नाव मागणारा माणूस माझं नाव सांगू शकत होता. त्यांनी सांगितलं नाही. फक्त टोपलीतला तुकडा उचलून त्यावरची माती पुसत राहिले.

माझ्या पत्रकांत मी जिला जनता म्हणत आले, तिलाच ठाण्यात पब्लिक म्हणतात. दोन्ही शब्दांचा उपयोग एकच. त्यात कुणाला नाव नसतं.

"पत्रक मी लिहिलं आहे," मी म्हटलं. आवाज मोर्चातला निघाला नाही, बारीक निघाला. "खाली पाडा, हे मी लिहिलं. माझंही नाव घ्या. आणि न्हाणीवरून ड्रोन फिरला म्हणून एक मुलगी ठाण्यात गेली होती, तिची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. तीही घ्या."

ठाणेदाराने पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं. "आज काय गुन्हे कबूल करायचा सप्ताह आहे का?" मग त्याने दाराकडे पाहिलं. तिघं जण आपण होऊन नाव लिहा म्हणतायत आणि चौथ्याचा चेहरा पडद्यावर थांबलेला. तो चौथा म्हणाला, "साहेब, मी त पब्लिकसंग होतो." "पब्लिक तर इथं येऊन सही करून राहिली, भाऊ," ठाणेदार म्हणाला. "तुम्हीच तेवढे राहिले. या."

सगळी नावं लिहिली गेली. पहिलं काकांचं. इमलाबाईच्या नावापुढे 'गोटा मारला, लागला नाही' असं लिहिलं, त्यावर तिने अंगठा द्यायला साफ नकार दिला. शेवटी 'लागला असे बाईचे म्हणणे' अशी भर पडली तेव्हा अंगठा उमटला. त्या मुलीला बोलावून तिची तक्रारही घेतली. तो ड्रोनवाला पुढे सापडला, लग्नाचं चित्रीकरण करणारा निघाला, आणि त्याच्यावरही रीतसर कारवाई झाली. गोटा न मारता झाली, हे कबूल करायला माझी जीभ अजून जड होते.

आमच्या केसच्या तारखा अजून पडतात. त्या दिवशी मी परतवाड्याहून एसटीने येते. आता माझं काम तिकडे असतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली काका डबा उघडतात. काकू सगळ्यांपुरत्या भाकरी देतात, आणि कृषी केंद्रवाला तोंड वळवून उभा असतो त्यालाही काका हाक मारतात, "ये बापा, भूक दोन्ही पार्टीले लागते." पहिल्या वेळी आला नाही. दुसऱ्या वेळी ठेचा पाहून आला.

त्यानंतर मी नवं पत्रक लिहिलं. उडवणाऱ्यासाठी काय, खालून पाहणाऱ्यासाठी काय, आणि ठाण्याने दोघांसाठी काय करायचं. खाली माझं नाव. काकांनी लाल पेन घेऊन दोनदा वाचलं आणि एका उद्गारचिन्हाभोवती गोल काढला. मी ते ठेवलं. एक तरी हवं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी काकांनी नवं विमान घेतलं आणि त्याच शेतावर गेले. मला बोलावून घेतलं. या वेळी आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून गावात सांगून झालं होतं: 'उद्या सकाळी मोजणीवाले काकाजी विमान उडवणार हायेत, ज्याले काही म्हणाचं असन त्यानं आजच सांगावं.' कुणी काही म्हणालं नाही. फक्त इमलाबाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली, कंबरेला गोफण.

"उडवा," ती म्हणाली. "पण माह्या न्हाणीकडे गेलं त पाडीन."

"पाड," काका म्हणाले. "मंग मी तक्रार देईन."

"द्या ना. येतो मी ठाण्यात. झेंडू तोडणं होऊ द्या फक्त."

काकांनी टोपी नीट केली, नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. इमलाबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विमान वर गेलं आणि आम्ही तिघं मान वर करून उभे राहिलो. काकांची नजर विमानावर, इमलाबाईची नजर विमानावर, हात गोफणीवर. त्या दिवशी ते क्षणभरही नजरेआड झालं नाही.